अठ्ठावन्न नंबरचं खोकं

बसा रे, नीट बसा. आणि ते मोबाईल उलटे करून ठेवा. खालून उजेड पडला की तुमचीच तोंडं भुतासारखी दिसतात, मग माझ्या गोष्टीला कोण घाबरणार?

आजची गोष्ट आहे या भाचीसाठी. उद्या सकाळी दहा वाजता बाईसाहेब ग्रंथालयातल्या जुन्या कागदांच्या खोलीत पहिल्यांदा बसणार आहेत. पीएच.डी. करायची आहे. कर बाई, जरूर कर. पण त्या खोलीत पाऊल टाकायच्या आधी हे ऐकून जा. मी तिथे एकतीस वर्षं बाइंडर होतो. फाटलेली पानं चिकटवली, पुठ्ठे बांधले, आणि जिना चढून येणारा एकेक अभ्यासक बघत बसलो. हे ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरलं तो माझा दोस्त. रोज चार वाजता मागच्या जिन्यात माझ्याबरोबर चहा प्यायचा. म्हणून मी त्याला अरेतुरे करतो, तुम्ही करू नका.

त्याला सगळे पेन्सिलसर म्हणायचे. कॉलेजात शिकवायचा. जुन्या कागदांच्या खोलीत पेन नेता येत नाही. शाईचा एक थेंब सांडला तर कागद कायमचा बाद. तिथे जे काय लिहायचं ते पेन्सिलीनं. तर याच्या कानावर पेन्सिल इतकी वर्षं बसली की लग्नाच्या जेवणालाही ती तिथेच. बायको म्हणायची, "झोपताना तरी काढा हो, उशीला भोकं पडतात." हसताय काय? खरं सांगतोय.

नऊ वर्षं हा माणूस दुसऱ्या एका माणसाच्या कागदांत बुडाला होता. तो दुसरा म्हणजे एक रहस्यकथाकार. चाळीस कादंबऱ्या लिहिल्या, आणि आमच्या वडिलांच्या पिढीनं त्या उशाखाली लपवून वाचल्या. तो गेल्यावर घरच्यांनी त्याचे सगळे कागद ग्रंथालयाला देऊन टाकले. त्रेसष्ट खोकी. हस्तलिखितं, पत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या, वाटेल ते. पेन्सिलसरचं म्हणणं असं, की हा लेखक शेवटचं प्रकरण आधी लिहायचा. खुनी कोण, कसा सापडला, ते पहिल्यांदा. मग उलटं चालत बाकीचं. सगळी करामत त्या शेवटच्या प्रकरणांत. यावरच त्याचं पुस्तक उभं होतं, आणि त्या पुस्तकावर त्याचं घर. भिंतींना रंग? पुस्तक झालं की. बायकोचा गुडघा डॉक्टरला दाखवायचा? पुस्तक झालं की. मुलगी शाळेत होती तेव्हापासून ऐकत आली, "बाबांचं पुस्तक झालं की आपण फिरायला जाऊ." पुस्तक छापायला गेलं तेव्हा ती नोकरीला लागली होती.

आणि छापखान्यातून पहिली प्रुफं आली त्याच आठवड्यात, काहीतरी शेवटचं ताडून बघताना, एक्केचाळीस नंबरच्या खोक्यात त्याला एक पत्र मिळालं.

एकच पान. लेखकाच्या स्वतःच्या हातचं. त्याच्या टायपिस्ट बाईंना लिहिलेलं आणि कधी न पाठवलेलं. "बाई, चाळीसही पुस्तकांची शेवटची प्रकरणं तुमची आहेत. खून करून मी मोकळा व्हायचो, खुनी तुम्ही शोधायचात. हे मी लोकांना सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. आता तुमच्यासमोर मान वर करायचीही लाज वाटते."

पेन्सिलसरच्या पायाखालची जमीन सरकली. नऊ वर्षं ज्याचे गोडवे गायले, ते काम दुसऱ्याच कुणाचं. पुस्तक थांबवायचं? प्रकाशकाला काय सांगायचं? आणि बायकोला कुठल्या तोंडानं सांगायचं?

आता नीट ऐका, कारण पाप इथे आहे. त्यानं पत्र फाडलं नाही. चोरलं नाही. सभ्य माणूस ना तो! त्यानं ते फक्त हलवलं. त्या खोलीत एका वेळी एकच खोकं टेबलावर मिळतं, आणि प्रत्येक खोक्यासाठी चिठ्ठी भरून द्यावी लागते. त्यानं पत्र आपल्या वहीत सरकवलं, एक्केचाळीस परत केलं, आणि अठ्ठावन्न मागवलं. अठ्ठावन्नात काय, तर चष्म्याच्या नंबरांचे कागद आणि नळ गळतो म्हणून केलेल्या तक्रारी. तिकडे कोण कशाला फिरकतंय? मधोमध पत्र सारलं, दोरी बांधली, खोकं परत. पोरी, चुकीच्या खोक्यात गेलेला कागद आगीत गेल्यासारखाच असतो. फरक एवढाच की आपले हात काळे होत नाहीत. "कागद इमारतीतच आहे ना, नाहीसा थोडाच केलाय," असं तो मनाला समजावत राहिला.

पचलंही असतं. पण टायपिस्ट बाई जिवंत होत्या.

ऐंशीच्या पुढच्या. तपकिरी स्वेटर, कापडी पिशवी, जाड भिंगांचा चष्मा. तरी वीतभर पलीकडचं दिसायचं नाही. एका गुरुवारी कठड्याला धरून जिना चढून आल्या आणि ग्रंथपाल मॅडमना म्हणाल्या, "साहेब शेवटच्या आजारात मला म्हणाले होते, बाई, तुमच्याबद्दल मी लिहून ठेवलंय, माझ्या कागदांत सापडेल. तेवढं बघायचं होतं." मॅडम काय सांगणार? यादीत नुसता पानांचा आकडा असतो, कुठल्या पानावर काय लिहिलंय ते कोण वाचत बसतंय? त्यांनी सात नंबरच्या टेबलाकडे हात केला. "ते सर आहेत ना, त्यांनी एकूण एक कागद पाहिलाय. त्यांना विचारा."

बाई त्याच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. विचारलं.

आणि हा मान वर न करता म्हणाला, "नाही हो बाई. असं काही पत्र नाही."

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, "बरं. मग माझीच चूक असेल. या वयात कानाला वाटेल ते ऐकू येतं." उठल्या, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली, आणि जाता जाता म्हणाल्या, "बघाल का पुन्हा एकदा?"

"बघतो," हा म्हणाला.

त्यानंतर दर गुरुवारी. दीड वर्ष. दाराशी रजिस्टर असतं, त्यात लिहायचं: सही, टेबल, कुठलं खोकं, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ. बाईंचा खोक्याचा रकाना कायम कोरा, नंबर त्यांना कुठे माहीत होता? मग सात नंबरला येऊन बसायच्या. पिशवीवर बोटं चालायची, टकटक, टकटक, आयुष्यभराची सवय. मग विचारायच्या, "सापडलं का हो, सर?" आणि हा म्हणायचा, "नाही बाई, अजून नाही." शेवटी शेवटी तर त्यांचं विचारून व्हायच्या आत याचं उत्तर तयार. हे लक्षात ठेवा.

पुस्तक आलं. वाहवा झाली. घराला रंग लागला. सत्काराच्या दिवशी बाई सभागृहात मागच्या रांगेत होत्या. त्यांच्या साहेबांचं कौतुक चाललं होतं ना, म्हणून टाळ्या वाजवत होत्या. मी पाहिलं. त्यानंही पाहिलं. दुसऱ्या दिवशी चहा पिताना मी त्याला म्हणालो, "अरे, एवढं कौतुक झालं, आणि तोंड असं का, खून केल्यासारखं?" चहा तसाच ठेवून उठला. मला काय माहीत?

नोव्हेंबरच्या पाच तारखेला, रविवारी, बाई गेल्या. पेन्सिलसर त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. दारात चार माणसं उभी दिसली, आणि हा तिथूनच मागे फिरला. मयताच्या घरीसुद्धा जायची हिंमत उरली नव्हती त्याला.

मग आला सोळा नोव्हेंबर. गुरुवार.

संध्याकाळी मॅडमचा फोन. "सर, आनंदाची बातमी. उद्या सकाळपासून तुमच्या लेखकाचे सगळे कागद स्कॅन होणार. एकेक पान मोजून, यादीशी ताडून." एक्केचाळीसात एक पान कमी भरणार, अठ्ठावन्नात एक जास्त. आणि ग्रंथालय मागणीच्या चिठ्ठ्या कधी फेकत नाही. अठ्ठावन्न आजवर एकाच माणसानं मागवलं होतं.

तो म्हणाला, "मॅडम, खोकी हलायच्या आधी आज एकदा दोन-चार गोष्टी बघून घेऊ का?" त्याला कोण नाही म्हणणार? मॅडम म्हणाल्या, "किल्ली वॉचमनकडे ठेवते."

बायकोला म्हणाला, "लायब्ररीत चष्मा विसरलोय, घेऊन येतो."

"मग नाकावर काय आहे?"

"हा लांबचा."

"लवकर या, जेवण गरम आहे तोवर," ती म्हणाली.

आठ चाळीसला पोचला. वॉचमन गेटशी रेडिओ लावून बसला होता. पेन्सिलसरनं रजिस्टरात सही केली, वेळ घातली. वरची ओळ साडेसहाची, कुणा विद्यार्थ्याची. किल्ली देताना वॉचमन म्हणाला, "सर, दार ओढून घ्या हं, मांजर शिरतं."

वर वाचायची खोली अंधारात होती. ती ओलांडली की मागे भांडार, तिथे फळ्यांवर खोकी. भांडारातला दिवा वेगळा असतो. भिंतीवरचं बटण फिरवायचं, दहा मिनिटं तो टिकटिकत जळतो, मग आपोआप विझतो. उजेडानं कागद खराब होतो म्हणून. त्यानं बटण फिरवलं. अठ्ठावन्न अगदी खालच्या फळीवर. गुडघे टेकले, दोरी सोडली. चष्म्याचे कागद... नळाच्या तक्रारी... आणि ते पान. होतं तिथेच.

ते पान गुपचूप एक्केचाळीसात परत ठेवायचं, असं तो घरून निघताना स्वतःला सांगत होता. असेलही. पण आयुष्यात विडी-सिगारेटला न शिवलेला हा माणूस, त्या रात्री त्याच्या खिशात काडेपेटी होती.

टिकटिक थांबली. दिवा विझला.

दहा मिनिटं झाली होती, त्यात काही विशेष नाही. पान छातीशी धरून तो चाचपडत दाराकडे आला.

वाचायच्या खोलीत उजेड होता.

सात नंबरच्या टेबलावरचा दिवा.

येताना मीच लावला असेन, असं त्याला वाटलं. माणसाला असंच वाटतं.

समोरच्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं. तपकिरी स्वेटर. आणि बोटं चालत होती. टकटक. टकटक.

थांबली.

"सापडलं का हो, सर?"

आणि...

तो ओरडला नाही. पळाला नाही. पत्र त्याच्या हातात होतं. हातात, पोरांनो! आणि त्याच्या तोंडून निघालं,

"नाही बाई, अजून नाही."

सवय. दीड वर्षाची. जीभ आधी बोलली, डोकं नंतर जागं झालं. आज गुरुवार. बाईंना जाऊन... अकरा दिवस झाले.

मग मात्र त्याची पाचावर धारण बसली.

खुर्ची वळली नाही. मान वळली. सावकाश. जाड भिंगं त्याच्याकडे आली... पण डोळे त्याच्या तोंडाकडे नव्हते. हाताकडे होते. ज्यांना वीतभर पलीकडचं दिसत नव्हतं, त्या इतक्या लांबून ते पान वाचत होत्या. ओळीमागून ओळ. ओठ हलत होते.

शेवटची ओळ आली असावी. ओठ थांबले.

आता शिव्या देतील. शाप देतील...

"बरं," बाई म्हणाल्या. "मग माझीच चूक असेल."

दिवा गेला.

काळोख. खालचा रेडिओही ऐकू येईना. काहीच नाही.

मग अगदी कानाशी...

"बघाल का पुन्हा एकदा?"

सापडलं. एवढंच म्हणायचं होतं त्याला. एक शब्द. तोंड उघडलं... आवाज नाही. पुन्हा उघडलं... नाही. मला म्हणाला, "कुणी गळा धरला नव्हता रे. माझी लाजच तिथे अडकली होती."

किती वेळ गेला त्याला ठाऊक नाही. भिंतीवरचं बटण हाताला लागलं. फिरवलं.

खुर्ची रिकामी. टेबलाखाली नीट सरकवलेली.

खाली आला तेव्हा वॉचमन त्याच्याकडे बघतच राहिला. यानं विचारलं, "कोण आलं होतं रे?" "तुम्हीच की सर. दुसरं कोण येतंय? बसा, पाणी देऊ का?" तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको. "काय हो, सापडला का?" तिला बिचारीला चष्मा म्हणायचं होतं. आणि हा तिथेच, पहिल्या पायरीवर बसून ढसाढसा रडायला लागला.

ती आली. दुखऱ्या गुडघ्यानं चालत आली आणि त्याच पायरीवर त्याच्याशेजारी बसली. त्यानं तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आणि मी तुमच्या पुस्तकासाठी नऊ वर्षं थांबले." सकाळपर्यंत दोघं तशीच बसून होती.

नऊ वाजता मॅडम आल्या. त्यांच्या टेबलावर त्यानं पत्र ठेवलं, शेजारी काडेपेटी ठेवली आणि बोलायला लागला. मी दारात उभा, हातात डिंकाची बाटली. पन्नाशी उलटलेला माणूस असा बोलताना मी कधी ऐकला नव्हता, मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो सर... मीच दर गुरुवारी त्यांना तुमच्याकडे पाठवत होते."

पुढचं तुमच्यासारख्यांनी पेपरात वाचलं असेल. पुस्तक मागे घेतलं. लोकांनी तोंडात शेण घातलं. तीन वर्षांनी त्यानं ते नव्यानं लिहिलं, आणि वर पहिलं नाव बाईंचं घातलं. खाली लेखकाचं. स्वतःचं आत कुठेतरी, बारीक अक्षरात.

काय म्हणालास? तो आता कुठे असतो? गुरुवारी जा, दिसेल. कानावर पेन्सिल, सात नंबरचं टेबल. समोरची खुर्ची जरा बाहेर ओढून ठेवतो. कुणी येऊन विचारलं की म्हणायचा शब्द तयार ठेवून बसतो, आणि बंद व्हायच्या वेळेला उठतो. अजून कुणी विचारलेलं नाही. मी एकदा म्हणालो, "अरे, आता सगळ्या जगाला सांगितलंस ना?" तर म्हणतो, "जगानं कुठे विचारलं होतं?"

आणि एक राहिलंच. ते रजिस्टर. वर्ष संपल्यावर ते पुठ्ठा बांधायला माझ्याकडे आलं. सोळा नोव्हेंबरचं पान मी स्वतः, या डोळ्यांनी बघितलं. पेन्सिलसरची ओळ, आठ चाळीस. आणि तिच्या खाली आणखी एक ओळ. फिकट पेन्सिलीनं, थरथरत्या हातानं. बाईंची सही. टेबल सात. आत आल्याची वेळ, आठ एक्कावन्न.

खोक्याचा रकाना दीड वर्षं कोरा असायचा. त्या दिवशी तो भरलेला होता. अठ्ठावन्न.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून विचारत होत्या.

त्याच्या पुढचा रकाना, बाहेर गेल्याची वेळ... तिथे काहीच लिहिलेलं नाही.